यंत्रांसाठी वेगळं पान

घानातल्या आमच्या बेपोआसे गावात माणसं मरतात, पण तसं कोणी म्हणत नाही. राजे वारले तर "राजे शेतावर गेलेत" म्हणायचं. मग राजवाड्याला योग्य वाटेपर्यंत, सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा, ते शेतावरच राहतात. तोवर कोणी रडायचं नाही आणि कोणी "कधी परत येणार?" असंही विचारायचं नाही. म्हातारी बाई गेली तर "तिने डोक्यावरची टोपली उतरवली" म्हणायचं. तरुण पोर गेलं तर काहीच म्हणायचं नाही, तोंडावर हात धरून उभं राहायचं. परगावच्या माणसाला हे सगळं लपवाछपवीचं वाटतं. आम्हाला तो शिष्टाचार वाटतो, आणि शिष्टाचाराच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत.

मी अक्राच्या एका दैनिकात बावीस वर्षं टवाळीचं सदर लिहिलं. मग ते दैनिकही शेतावर गेलं, आणि मी गावी परत आलो. रिकामा शिकलेला माणूस दिसला की गावाला हुक्की येते. गावच्या मंडळाने आपली वेबसाइट माझ्या गळ्यात मारली. तिच्यावर नळाला पाणी कधी येणार, दवाखान्यात डॉक्टर कुठल्या दिवशी बसणार, शाळेच्या छपराचं काम कुठवर आलं, आणि मयतांची पानं, असं सगळं असे. छपराचं कोणी वाचत नसे. मयतांचं कुमासीपासून टोरांटोपर्यंत सगळे वाचत. ती पानं मी मन लावून लिहीत असे. टोपली कशी उतरवली हे सांगायला मी दीड पान घेई. वाचणाऱ्याला हळूहळू कळावं, आणि कळेपर्यंत तो खाली बसलेला असावा, एवढा माझा हिशेब.

हे मला कोणी शिकवलं असेल तर माझ्या बहिणीने. दुफिये माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अंगणातल्या मातीच्या भट्टीत पाव भाजून तिने स्वतःच्या कमाईवर मुलगी वाढवली. ती मुलगी अदोमा. आमच्याकडे मूल आईच्या कुळाचं, म्हणजे बापापेक्षा मामा जवळचा. अदोमाचा बाप लॉरीच्या अपघातात गेला तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि वसतिगृहात राहत होती. तिला आणायला आम्ही माणूस पाठवला होता. तो पोचायच्या आत, दुपारच्या जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभी असताना, स्वयंपाकिणीच्या रेडिओवर मयतांची यादी लागली. आधी साबणाची जाहिरात, मग तिच्या बापाचं नाव, मग लॉटरीचे आकडे. पोरगी ताट धरून तशीच उभी राहिली म्हणे. रांग पुढे सरकली तेव्हा मागच्या मुलीने तिला ढकललं.

दुफियेने ते कधी विसरू दिलं नाही. एकदा भट्टीपाशी बसलो असताना म्हणाली, "याव, माझ्या वेळी तिला तू सांगायचं. घरात बसवून, पाणी देऊन, पोटभर खाऊ घालून. तुझ्या तोंडाने."

"तुझ्या आधी मीच जाईन," मी म्हणालो.

"तू? टवाळांना मरण नसतं. ऐक, रेडिओ नको. शेजारीण नको. फोन नको. तू."

"बरं, बाई. मी."

"शपथ घे."

मी पावाची शपथ घेतली. तिने तोच पाव कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

वेबसाइटचं प्रकरण सुरू झालं ते राजांमुळे. गेल्या वर्षी राजे शेतावर गेले. मी पानावर रीतसर लिहिलं, "राजे विश्रांतीसाठी शेतावर गेले आहेत." गावाला कळायचं ते कळलं. तिसऱ्या दिवशी आमच्या टोरांटो शाखेचे अध्यक्ष अचाव यांच्याकडून राजवाड्याला पत्र आलं. "महाराजांना सुट्टीच्या शुभेच्छा. हवा चांगली असावी. पंधरा तारखेपर्यंत परतत असल्यास अर्ध्या तासाची भेट मिळेल काय?" राजवाड्यात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही.

चौकशीअंती कळलं की अचाव यांनी आमचं पान वाचलंच नव्हतं. त्यांच्या एजंटने वाचलं होतं. आमच्याकडे एजंट म्हटलं की परदेशचा व्हिसा काढून देतो सांगून गायब होणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हा तसला नव्हता. हा फोनमध्ये राहणारा, मालकाच्या वतीने वाचणारा, पत्रं लिहिणारा, वेळा ठरवणारा. अचाव यांनी माफी मागितली, आणि पाठोपाठ मंडळाला सांगून अक्राहून एक तज्ज्ञ बाई पाठवल्या, लामिले.

लामिले चुणचुणीत होती. कुळाच्या बैठकीत तिने पडद्यावर एक आकृती दाखवली. "तुमच्या साइटवर शंभर पाहुणे आले तर त्यातली साठ-सत्तर यंत्रं असतात. माणसं आपापल्या एजंटला सांगतात, जा आणि बघून ये. आणि तुमची पानं माणसांसाठी लिहिलेली आहेत. यंत्राला त्यातून काही कळत नाही."

"काही कळू नये म्हणूनच लिहिली आहेत," मी म्हणालो.

तिने ते ऐकून घेतलं. तिचा उपाय सोपा होता. माणसांचं पान जसं आहे तसं ठेवायचं. त्याच्या पाठीमागे, माणसाच्या नजरेला न दिसणारं, यंत्रांसाठी वेगळं पान करायचं. त्यात गोष्ट नाही, रकाने. नाव, कूळ, जन्म, स्थिती, तारीख, नोंद कोणी केली. 'स्थिती'पुढे दोनच पर्याय, जिवंत आणि मृत. "तिसरा ठेवता येईल का, शेतावर?" असं मी विचारलं. ती हसली. मी गंमत करत होतो असं तिला वाटलं. अर्धी गंमत होतीच.

आता परवानगी ब्रेन्या नानांची. ब्रेन्या नाना आमच्या कुळाचे प्रमुख, वय ऐंशीच्या पुढे, कान एक आणि मत पक्कं.

"ते यंत्र रडतं का?" नानांनी विचारलं.

"नाही, नाना."

"त्याला मामा आहे?"

लामिलेने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून इशारा केला, खरं काय ते सांग.

"नाही, नाना. मामा नाही."

"ज्याला मामा नाही तो माणूस नाही," नाना म्हणाले. "आणि जो माणूस नाही त्याला सांगितलं, म्हणजे कोणालाच सांगितलं नाही. भिंतीला सांगून बातमी फुटत नाही. लिहा त्यात काय लिहायचं ते."

"पण नाना," लामिले म्हणाली, "ते यंत्र आपल्या मालकाला सांगतं."

"निरोप्या आधी बसतो. पाणी पितो. विचारल्यावर बोलतो. एवढं शहाणं यंत्र आहे म्हणता, तर एवढं त्याला येत असेलच."

सगळे हसले. मी टाळी वाजवली. बावीस वर्षांत असं वाक्य मला सुचलं नव्हतं. बैठक संपली, आणि लामिले अक्राला गेली ती मला रकाने भरायला शिकवूनच.

खरं सांगायचं तर सोय झाली. तालुक्याच्या शवागारात जागा त्या पानावरून राखली जाऊ लागली. मांडववाला, खुर्चीवाला, परदेशच्या शाखा, सगळ्यांची यंत्रं तिथूनच तारीख घेत. आधी या कामाला चार दिवस फोनवर ओरडावं लागे. मी नियमच केला की माणूस गेल्यापासून तासाभरात नोंद झाली पाहिजे. नियम मी लिहिला, खाली माझी सही आहे.

अदोमाही खूश होती. ती तेमाच्या बंदरावर माल सोडवणाऱ्या कचेरीत कामाला. आईच्या रक्तदाबाची तपासणी, डॉक्टरांचे वार, गोळ्या, हे सगळं तिचा एजंट आमच्या साइटवरून बघून ठरवू लागला. दुफिये मला म्हणायची, "माझी लेक आता साहेब झाली. स्वतः फोन करत नाही, चाकराकरवी तारीख कळवते. चाकर सभ्य आहे हो. माझी चौकशी करतो. जावई करता आला असता तर केला असता."

एका मंगळवारी पहाटे दुफिये भट्टी पेटवायला उठली. शेजारची सेर्वा पाव घ्यायला आली तेव्हा ती बुटक्या स्टुलावर भिंतीला टेकून बसली होती. सेर्वाने दोनदा हाक मारली. मग ती मला बोलवायला आली, आणि दारात उभी राहून नुसतीच म्हणाली, "मास्तर, दुफियेने टोपली उतरवली."

मी गेलो. बायका गोळा झाल्या होत्या. एक पाणी तापवत होती, एक अंगण झाडत होती, दोघी आत होत्या. पीठ फुगून परातीबाहेर आलं होतं, ते कोणीतरी झाकलं. ब्रेन्या नानांना आणायला माणूस गेला. प्रत्येकाला काहीतरी काम होतं. मला काही नव्हतं. मी भट्टीशी उभा होतो आणि माझे हात मला कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. म्हणून मी फोन काढला आणि रकाने भरले. नाव, कूळ, जन्म. जन्मतारखेशी जरा अडलो, कारण आमच्या आईने आम्हा दोघांच्या दोन-दोन सांगितल्या होत्या. मग स्थिती. मग तारीख. निदान हे तरी आपण नीट केलं, असं मला वाटलं होतं. बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

नाना आले. ठरलं ते रिवाजाप्रमाणे. माणसांच्या पानावर अजून काही लिहायचं नाही. अदोमाला 'आईला बरं नाही' एवढंच सांगून बोलवायचं. आली की बसवायचं, खाऊ घालायचं, मग मी सांगायचं. सात वाजता मी फोन लावला.

"मामा? इतक्या सकाळी?"

"अगं, आईला जरा बरं नाही. येऊन जातेस का?"

पाठीमागे गाड्यांचे कर्णे वाजत होते.

"जरा?"

"जरा."

"रात्री काही जेवली होती का ती?"

"हो. केंके आणि तळलेला मासा. तिचा संपवून वर माझा अर्धा."

"अर्धा?"

"अर्धा. मी भांडलो, तरी."

"बरं, मामा. निघते."

फोन ठेवून मी नानांना म्हणालो, "तिला काही कळलं नाही." नाना म्हणाले, "शाब्बास."

अदोमा दोन वाजून गेल्यावर पोचली. खोलीत भिंतीच्या कडेने खुर्च्या लावून आम्ही बाराजण बसलो होतो. ती फुलाफुलांचा पिवळा झगा घालून आली होती. मला बरं वाटलं, काळं नव्हतं म्हणजे मनात काही नव्हतं. उजवीकडून सुरुवात करून तिने एकेकाचा हात हातात घेतला. माझा हात घेतला तेव्हा तिची बोटं थंड होती, पण गाडीत खिडकीशी बसलं की होतात थंड.

सेर्वाने पाणी दिलं. ती प्यायली. नाना म्हणाले, "इकडे सगळं शांत आहे. तुझं येणं कसं झालं?"

"तिकडेही शांत आहे, नाना," ती रीतीप्रमाणे म्हणाली. "मामाने बोलावलं, म्हणून आले."

मग तिच्यापुढे फुफूचा मऊ गोळा आणि बकऱ्याच्या मटणाचा रस्सा ठेवला. ती सगळं जेवली. कोणी घाई केली नाही. तिने हात धुतले, झग्याला नाही, सेर्वाने दिलेल्या फडक्याने नीट पुसले, बोटाबोटांमधून. मी घसा खाकरला. सकाळपासून, म्हणजे दुफिये गेल्यापासून, मी वाक्यं जुळवत होतो, आणि पहिलं वाक्य चांगलं जमलं होतं.

"अदोमा, तुझी आई..."

"मामा, एक मिनिट."

तिने पिशवीतून फोन काढला, त्यावर काहीतरी शोधलं आणि माझ्या हातात दिला. माझा चष्मा डोक्यावर होता तो मी खाली घेतला.

"सुप्रभात. आईंची गुरुवारची डॉक्टरांची भेट रद्द केली आहे, कारण आता तिची आवश्यकता नाही. गोळ्यांची मागणी थांबवली आहे. सात दिवसांच्या रजेचा अर्ज तयार आहे, पाठवू का? आधार: बेपोआसे गावाची नोंद, स्थिती: मृत. नोंद करणारे: याव अम्पादू, सकाळी ६.३८."

निरोप सहा एकेचाळीसला आला होता.

"मी गाडीच्या रांगेत उभी होते," अदोमा म्हणाली. "कामावर निघाले होते. रांग सरकली."

नानांनी ज्या कानाने ऐकू येतं तो पुढे केला आणि सेर्वाला विचारलं, "काय म्हणते ती?" सेर्वाने सांगितलं नाही.

"मग मी फोन केला तेव्हा..." मी म्हणालो.

"तेव्हा मला माहीत होतं. तू 'जरा' म्हणालास. मी म्हटलं, मामा खोटं कशाला बोलेल? मामाला सदरात खोटं लिहायचे पैसे मिळायचे, मला फुकट कशाला सांगेल?" ती हसल्यासारखी झाली. "म्हणून मी विचारलं, जेवली का. तू म्हणालास, अर्धा मासा तुझ्यातला खाल्ला. भांडलास म्हणालास. मेलेल्या माणसाशी भांडलो असं कोण सांगतं? मी म्हटलं, यंत्राचं चुकलं. चुकतं त्याचं. मागच्या महिन्यात त्याने मला दुसऱ्याच अदोमाची मिरची पाठवली होती, दोन पोती."

"अदोमा..."

"थांब ना. वाटेत न्कॉकॉला गाडी थांबली तेव्हा मी तुझं पान उघडलं. आपलं, माणसांचं. वरपासून खालपर्यंत वाचलं. छपराचंसुद्धा वाचलं, मामा. बुधवारी पाणी येणार आहे. आईचं नाव नव्हतं. म्हणजे तू लिहिलं नव्हतंस. तू लिहिलं नाहीस म्हणजे झालं नाही, असं मी धरलं आणि तिथून इथवर आले."

ती खोलीभर नजर फिरवून परत माझ्याकडे वळली. "बारा म्हातारे भिंतीला खुर्च्या लावून बसलेत, ते मला दिसतं. मला मटण वाढलं, तेही कळतं. तरी विचारते. दोन्ही पानं तूच लिहितोस. कुठलं खरं?"

नाना आता सगळं ऐकत होते. त्यांनी काठी जमिनीवर टेकली. "पोरी, यंत्राने वाचलं ते आम्ही धरत नाही. तुला अजून कोणी सांगितलेलं नाही." त्यांचा आवाज बैठकीतल्यासारखा नव्हता. "ती परवानगी मी दिली होती. याव, तू सांग. रीतीने सांग."

"रकाने मीच भरले, अदोमा," मी म्हणालो. "इतर कोणी नाही. मला हातांना काम हवं होतं."

"ते वाचलं मी. नाव होतं तुझं," ती म्हणाली. "आता दुसरं सांग."

जुळवलेलं पहिलं वाक्य मला आठवेना. तीनशेच्या वर माणसांना मी शेतावर पाठवलं असेल, टोपल्या उतरवल्या असतील, आणि त्यातलं एक वाक्य हाताशी येईना. म्हणून मी सोमवार संध्याकाळपासून सुरुवात केली.

"काल संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. ती मैदा चाळत होती. मला म्हणाली, चाळण फाटली आहे, बाजारातून आण. मी म्हटलं, गेल्या वर्षीही फाटलेली होती."

"मग?"

"म्हणाली, गेल्या वर्षीही तूच आणली नाहीस."

"मग?"

"मग मक्याच्या पानात गुंडाळलेलं केंके सोडलं. मिरचीचा ठेचा तिखट झाला होता. तिने मला विचारलं, लागतोय का? मी म्हटलं, नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला."

"पाणी दिलंस का तिला?"

"दिलं."

"कुठल्या भांड्यातून?"

मी आठवलं. "पत्र्याच्या मगातून. निळ्या."

"त्याचा कान तुटलाय."

"तोच."

ती पुढे वाकली, कोपर गुडघ्यांवर ठेवून. ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. कोण कोण पाव सांगून गेलं होतं. सेर्वाच्या नातवाने काय खोडी केली. दुफिये कुठलं लुगडं नेसली होती, ते अदोमानेच आणलेलं होतं का, आणि ती त्याबद्दल काय म्हणाली. काही मला आठवत होतं. काही नव्हतं, ते मी पदरचं घातलं. अदोमाला कळत होतं कुठे घातलंय ते. तिथेही ती "मग?" म्हणाली. म्हाताऱ्यांपैकी कोणी खोकलं नाही, कोणी पाय हलवले नाहीत. आमच्या बैठकांत पाचव्या मिनिटाला "आटपा" म्हणणारे ब्रेन्या नाना काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून बसले होते.

असं करत आम्ही दुफियेला झोपायला पाठवलं. दिवा मालवला. मी माझ्या घरी आलो. मग पहाट झाली, आणि ती उठली, दार उघडून अंगणात आली. तिने काड्या आत सारल्या आणि स्टूल ओढून घेतलं.

"थांब," अदोमा म्हणाली. "इथे जरा थांब, मामा."

मी थांबलो. तिने डोळे मिटले नाहीत, ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बाहेर कोणीतरी उखळात काही कुटत होतं, तेही मध्येच थांबलं.

मग ती सरळ बसली, झगा गुडघ्यांवर ओढून घेतला, आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

"हं," ती म्हणाली. "सांग."

आणि मी तिला सांगितलं.